लोकेशन : भिंत नसलेला तुरुंग

गोव्याला गेलं की चापोरा किल्ल्यावर बसून 'दिल चाहता है' स्टाइल फोटो काढायचाच, हा आपल्या पिढीचा नियम. 'शोले'चे फॅन तर बंगळूरजवळच्या रामनगरचे खडक चढून येतात. माझा फेवरिट सिनेमा मात्र १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाइट. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ'. ऑफिसात हे सांगितलं की लोक विचारतात, "तुझं खरं वय किती?"

स्टोरी आठवतेय? सहा खुनी कैदी आणि एक जेलर. तो त्यांना तुरुंगातून काढून ओसाड माळावर नेतो आणि बेड्या न घालता शेती करायला लावतो. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाने सिल्व्हर बेअर पटकावलं. त्याच्या शूटिंगच्या जागा शोधायच्या, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. दिवाळीला मोडनिंबला घरी गेले आणि आप्पांनी प्लॅनच बदलला.

"शूटिंगचं काय घिऊन बसलीस? सेट आज हाय, उद्या न्हाय. ज्याच्यावरनं पिच्चर काढला तो जेल आटपाडीला हाय की. अजून चालू हाय!"

मग काय, आप्पांना गाडीत घातलं आणि निघाले. मोडनिंबहून पंढरपूर, पुढे दिघंचीवरून आटपाडी. हा सगळा माणदेश. पाऊस कमी, डाळिंबाच्या बागा भरपूर. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. त्याच वर्षी मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. नाव काय, तर स्वतंत्रपूर! सिनेमाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच भागातले.

आम्ही रस्त्यावरच थांबलो. उंच भिंत नाही, शेतं आहेत. चांगल्या वर्तणुकीचे कैदी इथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. एका दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. मी मोबाइल काढला, आणि तसाच पर्समध्ये टाकला. कुणाच्या शिक्षेचा सेल्फी पॉइंट कशाला करायचा?

परतताना डोक्यात ऑफिस होतं. मी नवीनच टीम लीड झालेय. घरून काम करणाऱ्यांच्या स्क्रीनचे दर दहा मिनिटांनी फोटो काढणारं सॉफ्टवेअर आमच्या टीमला लावायचं का, याचं उत्तर मला सोमवारी द्यायचं होतं. खून केलेल्या माणसांना कुणीतरी मोकळी जमीन दिली, आणि मला आठ इंजिनियर्सची खात्री देता येत नाही? बरं, सिनेमातले कैदी काही एका रात्रीत संत होत नाहीत. ते घसरतात, पळायलाही निघतात. परत फिरतात ते जेलरच्या त्या दोन डोळ्यांच्या धाकाने. आणि ते डोळे स्क्रीनशॉट काढत नव्हते, बॉस!

सोमवारी मेल टाकला : सॉफ्टवेअर नको, कामाच्या तारखांची जबाबदारी माझी. वरून उत्तर अजून आलेलं नाही. एक जरी तारीख चुकली तरी अप्रेझल माझंच कापलं जाणार. टीमला हे सांगून टाकलंय.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर स्वतंत्रपूर रस्त्यावरूनच बघा. तिथे माणसं राहतात.