न्यायमंदिर आणि लोकवर्गणी

लोकवर्गणीने देऊळ उभारावे, वाचनालय चालवावे, प्रसंगी शाळाही काढावी, ही आपल्या समाजाची जुनी व स्तुत्य रीत आहे. मग न्यायमंदिरासाठीच नागरिकांनी झोळी का फिरवू नये, असा प्रश्न मध्यंतरी आमच्या घरी चर्चेस निघाला. निमित्त कोल्हापूरचे होते.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी व नागरिकांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ सभा, मोर्चे व उपोषणे केली होती.

एवढा अट्टाहास कशासाठी, हे शीव कोळीवाड्यातील आमच्या बिऱ्हाडास सांगावयास नको. दक्षिणेकडील आप्त रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने प्रवास करून दादरास उतरत, आमच्याकडे स्नान उरकीत आणि कागदांची पिशवी सावरीत फोर्टाकडे निघत. आमच्या एका वृद्ध आत्याबाईंनी तर वाटणीच्या दाव्यातील अपील सोडूनच दिले. हक्क खोटा होता म्हणून नव्हे, प्रवास झेपेना म्हणून. वर्गणीच म्हणावयाची तर ती या मंडळींनी वर्षानुवर्षे दिली. तिची पावती मात्र कोणी फाडली नाही.

तथापि न्यायालयाची वास्तू देणग्यांवर उभी राहू नये, असेच आमचे मत आहे. आज जो मोठी रक्कम देईल, तोच उद्या वादी वा प्रतिवादी होऊन तेथे येईल. निकाल कितीही निःपक्षपाती असो, लोकांच्या मनातील किंतु जावयाचा नाही. न्यायदान हे राज्याचे कर्तव्य. त्याचा खर्च सरकारी तिजोरीनेच सोसला पाहिजे.

नागरिकांनी द्यावयाची ती चिकाटी, आणि मागावयाचा तो हिशेब. फोर्टातील उच्च न्यायालयाची इमारत १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा होता. खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. म्हणजे २,६६८ रुपये शिल्लक राहिले! परक्या राजवटीस जे साधले, ते स्वराज्यात का साधू नये?

कोल्हापूरच्या बेंचचे काम जुन्या इमारतीत सुरू झाले असून नव्या वास्तूसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. ती वास्तू वेळेत व चोख उभी राहते की नाही, यावर सहा जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांनी डोळा ठेवावा. झोळी फिरविण्यापेक्षा हे काम कठीण आहे. परंतु न्यायमंदिरास साजेशी लोकवर्गणी हीच होय.