बागेतला बाजार, तळ्यातली बाग

पुण्याच्या पेठांमधून दिवसभर हिंडलेल्या पाहुण्याला विचारलं की गावात बाग कुठे पाहिलीत, तर तो बहुधा शनिवारवाड्याचं नाव सांगेल. दिल्ली दरवाज्यातून आत शिरलं की हिरवळ, कारंजं, चौथऱ्यांवर बसलेली माणसं, बागच ती. पण ती बाग नव्हे. १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. जोती उरली आणि जोत्यांमधल्या मोकळ्या जागेत पुढे हिरवळ आली. हाच पाहुणा दुपारी तुळशीबागेत जाऊन देवाची पितळी उपकरणी आणि मुलीसाठी भातुकली घेऊन आलेला असतो, आणि तो बाजार आहे याबद्दल त्याला शंका नसते. तिथे मात्र एके काळी खरोखर तुळशीची बाग होती. संध्याकाळी तो सारसबागेत भेळ खातो, तिथे तळं होतं. वाड्याच्या जागी बाग, बागेच्या जागी बाजार आणि तळ्याच्या जागी बाग, अशी ही अदलाबदल आहे. पुणे दाखवणाऱ्या पुस्तिका ‘ऐतिहासिक पेठा’ एका पानावर छापतात आणि ‘उद्याने’ दुसऱ्या पानावर. शहराच्या रचनेचा अभ्यासक म्हणून माझं म्हणणं असं की ही दोन पानं वेगळी नाहीतच. पेठा आणि बागा हे एकाच पाण्याच्या व्यवस्थेचे तुकडे आहेत, आणि ते एकमेकांना जोडून पाहायचे तर पायीच पाहावे लागतात.

नदीकाठी वसलेल्या गावाने आठ-दहा किलोमीटरवरून पाणी का आणावं, हा पहिला प्रश्न. मुठा अंगणातच वाहते. पण ती खाली वाहते, वस्ती वर आहे, आणि उन्हाळ्यात नदी आटते. पाणी वर चढवायला माणसं आणि बैल लागतात; उंचावरून आणलं तर ते आपल्या वजनानेच येतं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तळी बांधली गेली आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला, तो या साध्या हिशेबाने. नळ म्हणजे आजच्यासारखा पाइप नव्हे. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढं ते भुयार आहे. वाटेत ठिकठिकाणी त्याला वर उघडणारी बांधीव तोंडं आहेत, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. गावात आल्यावर हे पाणी हौदांमध्ये पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, पंचहौद, नाना हौद ही नावं आज रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झाली आहेत. कसब्यातल्या साततोटी चौकातल्या सात तोट्याही हौदाच्याच. पुढे नाना फडणीस आणि रास्त्यांनी आपापले वेगळे नळ आणले. जिथे नळ पोचला तिथे हौद झाला, हौदाभोवती वस्ती दाटली, आणि ज्याच्या घरात पाणी उरेल एवढं होतं त्याने बाग केली. बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, विश्रामबाग: गावात झाडं दिसत नाहीत तिथेही बागांची नावं दिसतात. पुण्यात ‘बाग’ हा शब्द एखाद्या जागेला चिकटला असेल तर तिथे कधीतरी मुबलक पाणी होतं असं आधी धरावं आणि मग पुरावा शोधावा. बहुतेक वेळा तो सापडतो.

हा पुरावा नकाशात का सापडत नाही, हा आक्षेप माझ्यावर नेहमी घेतला जातो. उपग्रहाच्या चित्रात प्रत्येक बोळ दिसतो, मग तंगडतोड कशाला? याचं उत्तर उतारात आहे. पर्वतीच्या बाजूने शनिवारवाड्याकडे येताना रस्ता एवढा मंद उतरतो की गाडीत बसलेल्याला ते कळणारच नाही. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना कळतं. हाच उतार नळाने वापरला. दुसरं म्हणजे बागेची जी खूण उरली आहे ती पुष्कळदा जमिनीवर नसून लाकडात आहे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागापाशी दोन मिनिटं मान वर करून उभं राहावं. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्या या वाड्याचे खांब सुरूच्या झाडासारखे खाली भरदार, वर निमुळते होत गेलेले आहेत आणि माथ्यावर केळफुलं कोरली आहेत. सुताराने बाग उचलून सागवानात आणून ठेवली आहे. इंग्रजांनी १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा काढली, नंतर कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं. अंगणातली झाडं गेली तरी सुरू आणि केळी तेवढ्या टिकल्या. वाहनातून जाताना यातलं काहीच दिसत नाही, कारण समोरच्या बाजीराव रस्त्यावर सगळं लक्ष पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर असतं.

तिथून कसब्यातल्या तांबट आळीपर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही, आणि आळी दिसण्याआधी ऐकू येते. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखी हातोडी पडते, प्रत्येक ठोक्याचा एक लहानसा चकचकीत गोल उमटतो, आणि असे हजारो गोल एकमेकांना खेटून बसले की भांड्याला अंग येतं. याला मठारकाम म्हणतात. ते शोभेसाठी नाही. ठोकल्याने पत्रा घट्ट होतो. या आळीत पिढ्यान्‌पिढ्या काय घडवलं गेलं ते आठवून पाहावं. घागरी, हंडे, कळशा, घंगाळं, बंब. सगळी पाण्याची भांडी! हौदातून घरापर्यंतचा पाण्याचा शेवटचा टप्पा या आळीच्या हातात होता. सहलीच्या यादीत तांबट आळी ‘हस्तकला’ या सदरात येते आणि हौद ‘जलव्यवस्था’ या सदरात, त्यामुळे दोघांचा काही संबंध आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

सारसबागेची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. आंबिल ओढा पूर्वी पर्वतीकडून गावात शिरून मुठेला मिळायचा. नानासाहेबांनी त्याला पश्चिमेकडे वळवलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. तळ्याच्या मधोमध एक उंचवटा राखला. त्यावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला. म्हणूनच तो ‘तळ्यातला गणपती’. आज पायऱ्या चढून देवळात जावं आणि कठड्यापाशी उभं राहून खाली पाहावं. देऊळ वर, हिरवळ खोल, आणि काठाकाठाने रस्ता. पाणी काढून घेतलेलं तळंच आहे ते. दिवाळी पाडव्याच्या पहाटे तिथे हजारो पणत्या लागतात तेव्हा ती खोली जास्तच जाणवते. तळं गेलं, पण ओढ्याला कुणी सांगितलं नव्हतं की आता तू फक्त गटार आहेस. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, माणसं गेली. जुन्या पाण्याच्या वाटा शोधत हिंडणं हा निवृत्त माणसांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. १२ जुलै १९६१ची, पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची तारीख पुणेकर विसरत नाहीत. नारायण आणि शनिवार पेठेत नदीच्या अंगाने जाताना वाडे अचानक संपून सिमेंटच्या इमारती का सुरू होतात, त्याचं एक मोठं कारण तेच.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. हौद, बागा, सुरूचे खांब हे सगळं पेशवाईचं कौतुक झालं. ते पाणी कुणाचं होतं? आक्षेप रास्त आहे. नळ सत्तेच्या घरी जात होता आणि हौदावर कुणी घागर बुडवायची हे जात ठरवत होती. पण हा आक्षेप पायी फिरण्याच्या विरोधात जात नाही. उलट, फिरण्याची वाट कुठे संपवू नये ते तो सांगतो. विश्रामबाग, तुळशीबाग, बेलबाग एवढं बघून परतणारा माणूस अर्धं पुणे पाहतो. तुळशीबागेपासून पूर्वेला गंज पेठ पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. तिथे जोतीराव फुल्यांच्या घराच्या आवारात हौद आहे, आणि १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या गावात नळ, हौद आणि बागा ही प्रतिष्ठेची मोजमापं होती, तिथे घरचा हौद खुला करणं ही नुसती दया नव्हती. व्यवस्थेच्या नेमक्या सांध्यावर मारलेला तो घाव होता. आणि ‘फुले’ हे आडनाव तरी कुठून आलं? मूळचे गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवू लागले म्हणून फुले. बागांचा इतिहास लिहायचा तर बागवानाचं घर त्यात हवंच. पंचहौदाकडेही याच नजरेने पाहावं. पाच हौदांवरून नाव पडलेल्या या जागी पुढे ख्रिस्ती मिशन आलं आणि १८९० साली तिथे घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, आलं. पाणी हौदाचं असो की पेल्यातल्या चहाचं, भांडण कुणाच्या हातचं यावरूनच होतं. तुळशीबाग, फुल्यांचं घर आणि पंचहौद या तिन्ही जागा एका सकाळी पायाखाली घातल्या तर पुण्याचं एकोणिसावं शतक वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

व्यवहारी माणसाचा आक्षेप शेवटी राहतो: पेठांमध्ये चालायचं कुठून? पदपथावर दुचाकी, दुचाकीवर माल, आणि उरलेल्या जागेत खड्डा. हे खरंच आहे, आणि यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. सकाळी सातच्या आत निघावं, मोठे रस्ते फक्त ओलांडावेत आणि बोळांमधून जावं, एवढंच सांगता येतं. लक्ष्मी रस्त्यासारखे रस्ते जुन्या वस्तीतून नंतर कापून आणि रुंद करत काढले गेले. बोळ मात्र चालणाऱ्या माणसाच्या मापाचे आहेत. महापालिकेने २०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. वर्षातून एक दिवस माणसांना रस्ता देण्याचा समारंभ करावा लागतो, यात काय ते आलं.

इंग्रजी अमलातल्या बागांबद्दल फार लिहायला नको, पण तिथेही धागा तोच आहे. बंडगार्डन हे नाव बंडाचं नव्हे, बंधाऱ्याचं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला आणि त्याच्या काठावर बाग आली. आज तिचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे आणि तोंडात बसलेलं नाव मात्र बंधाऱ्याचंच.

सारसबागेला लागूनच पेशवे पार्क आहे. १९५३ साली तिथे प्राणिसंग्रहालय झालं तेव्हा ते पुण्याला नवं होतं असं म्हणता येणार नाही, कारण पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होताच. १७९० साली गंगाराम तांबट या चित्रकाराने त्यातला गेंडा कागदावर उतरवला; कातडीच्या वळ्यांसकट अगदी समोर उभा राहिल्यासारखा. चित्रकाराच्या आडनावात ती हातोडीची आळी आहेच. १९९९मध्ये पेशवे पार्कातले प्राणी हलवले गेले, ते कात्रजच्या तळ्यापाशी. पाणी जिथून खाली आलं तिथे ते वर गेले. पायांत बळ असेल तर स्वारगेटवरून सातारा रस्त्याने आपणही तसंच जावं, आणि जाताना उच्छ्वास दिसतात का ते पाहावं.