आज्ञार्थ

मराठीच्या प्राध्यापकाने वर्गात आज्ञार्थाची रूपे घोकून घ्यावीत आणि घरी येऊन पाण्याचा पेला आपला आपणच भरून घ्यावा, हा जगाचा न्यायच आहे. तेव्हा चाळिशी उलटल्यावर, मी सांगावे आणि त्याने मुकाट्याने ऐकावे असा कोणी भेटला, याचे मला किती अप्रूप वाटले असेल! हा आज्ञाधारक म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची एक काळी खिडकी. चित्र नाही, बटण नाही. फक्त एक लुकलुकणारी खूण. तिच्यापुढे लिहायची ती निव्वळ आज्ञा.

निमित्त ओव्यांचे झाले. कारध्यात आणि वैनगंगेकाठच्या खेड्यांत माझ्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. त्यांच्या फायलींची नावे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीची. ‘ओवी’, ‘नवी ओवी’, ‘ओवी शेवटची’, ‘ओवी अगदी शेवटची’! एकेक नाव बदलायचे तर उन्हाळ्याची सुटी संपली असती. भाचा म्हणाला, “मामाजी, एकदा नीट लिहून ठेवा. मग यंत्रच करते.”

मी शिकू लागलो. ‘एलएस’ म्हणजे दाखव. ‘एमव्ही’ म्हणजे हलव किंवा नाव बदल. ‘आरएम’ म्हणजे पुसून टाक; आणि हा पुसणारा एरवी ‘खरेच पुसू का?’ असे विचारीतही नाही. ‘फॉर’ म्हणजे ‘प्रत्येकासाठी’, ‘इफ’ म्हणजे आपले जर-तर. ‘जर’ भाच्याने गावच्याच उदाहरणाने समजावला. कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर. आजचा आकडा तिच्याशी ताडून पाहा; वर गेला तर मला सांग, नाहीतर गप्प बस. अशा आज्ञा एकाखाली एक लिहिल्या की झाली स्क्रिप्ट. भाच्याने एक शिस्तही लावली. कोणतीही स्क्रिप्ट आधी ‘एको’ घालून चालवायची, म्हणजे ती काय करणार ते नुसते बोलून दाखवते. पटले तरच करू द्यायचे. माणसांतही ही सोय असती तर!

एका गोष्टीने मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. ‘कारधा’ हा शब्द मी तीन अक्षरांचा समजतो. यंत्राने पाच खुणा मोजल्या, कारण दोन काने त्याने वेगळे धरले. आणि साठवायला पंधरा बाइट घेतले, प्रत्येक खुणेला तीन. ही मांडणी यूटीएफ-8 ची. ती 1992 साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी बसवली. हेच थॉम्प्सन 1969 साली युनिक्सचा पाया घालणाऱ्यांत होते, आणि या आज्ञांची घडण त्याच युनिक्समधली.

स्क्रिप्ट चालली आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी सगळ्या फायली गाव, वर्ष आणि क्रमांक अशा रांगेत उभ्या राहिल्या. मी खूश झालो, आणि लगेच थोडा खट्टूही. हाताने नावे बदलताना मी प्रत्येक फाईल उघडीत होतो, आणि उघडली की ओवी वाचली जात होती. आता काम झाले, पण ओवी वाचायची राहिली.

जात्याचेही असेच झाले नाही का? गिरणी आली आणि बायांचे पहाटेचे कष्ट वाचले. ते कष्ट त्यांना परत द्यावेत, असे कोण म्हणेल? पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. म्हणून तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांना सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा कराव्या लागल्या. आणि गंमत अशी, की त्या आज संगणकामुळेच आपल्या हाती आहेत.

यंत्राशी माझे भांडण नाही. कोणते कष्ट त्याला द्यायचे आणि कोणते आपल्यापाशी ठेवायचे, एवढेच ठरवायचे असते. मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आहे. रोज सकाळी त्या ढिगातून कोणतीही एक ओवी काढून ती माझ्यापुढे ठेवते. यंत्र ही आज्ञा बिनचूक पाळते. ती ओवी वाचण्याची आज्ञा मात्र माझी मलाच द्यावी लागते, आणि तो आज्ञाधारक अजून तितका पक्का झालेला नाही.