वेताची जाडी

सन १८९४ च्या तुरुंग-अधिनियमाचे त्रेपन्नावे कलम मी खात्याच्या परीक्षेकरिता प्रथम वाचले, तेव्हा मला त्यातील क्रौर्यापेक्षा त्यातील काळजीचेच अधिक नवल वाटले. फटक्यांची शिक्षा हप्त्याहप्त्याने देऊ नये, ती अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी यांच्या समक्षच व्हावी, वेत अर्ध्या इंचाहून बारीक नसावा, सोळा वर्षांखालील मुलास मात्र हलक्या वेताने, शाळेत मारतात त्या रीतीने मारावे. आणि आधीच्या एका कलमान्वये फटक्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये! वेताच्या जाडीचा इतका बारीक विचार करणाऱ्या त्या मसुदाकारास, मार खाल्लेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय करावे याविषयी त्याच कलमात एक अक्षरही लिहावेसे वाटले नाही.

वास्तविक मेकॉलेच्या मसुद्यातून सिद्ध झालेल्या १८६० च्या दंडसंहितेत फटक्यांना स्थान नव्हते. परंतु चारच वर्षांत सरकारने स्वतंत्र कायदा करून वेत परत आणला. तुरुंग तुडुंब भरलेले, कैदी पोसण्याचा खर्च डोईजड, आणि पहिल्यांदाच चोरी केलेला पोरगा बराकीत मुरलेल्या गुन्हेगारांच्या संगतीने पक्का चोर होऊन बाहेर पडणार. त्यापेक्षा पंधरा मिनिटांत प्रकरण मिटलेले बरे, असा हा व्यवहारी हिशेब होता. यातील शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुष्याचा मोठा भाग तुरुंगाच्या आत नोकरीत काढलेला मनुष्य तरी तो तसा नेणार नाही.

अर्थात, मुभा मिळाली की वेत कुणाच्या पाठीवर पडेल याचा भरवसा नसतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करून येरवड्यात आलेल्या मंडळींनी नेमून दिलेले काम नाकारले, तेव्हा त्यांनाही फटके बसले. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी या प्रकरणी अधिकाऱ्यांकडे लकडा लावला होता. न्यायालयाच्या हातातील वेत १९५५ च्या कायद्याने गेला. तो गेला हे उत्तमच झाले. पण फटके बंद झाले म्हणजे सुधारणा सुरू झाली, असा जो समज सुशिक्षितांत आढळतो, तो मला मान्य नाही.

सुधारणेचा खरा प्रयोग त्याआधीच, १९३९ साली, अवघ्या बहात्तर गावांच्या औंध संस्थानात झाला होता. भवानराव पंतप्रतिनिधींसारखा राजा आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून आलेला अभियंता यांच्या विचारातून आटपाडीच्या कोरड्या माळावर स्वतंत्रपूर वसले. ‘दो आँखें बारह हाथ’मुळे ही वसाहत घरोघर ठाऊक झाली खरी, परंतु गदिमांच्या त्या कथेत सारा भार अधिकाऱ्याच्या नजरेवर आहे, आणि शांतारामबापूंचा चित्रपट कितीही सुंदर असला तरी आमच्या खात्यातील माणसाला तेथेच थोडे अडखळायला होते. स्वतंत्रपुरात कैदी बायकामुलांसह राहतो, हजेरी देऊन शेतावर जातो, आणि संध्याकाळी चुलीवर काय शिजणार याची विवंचना त्यालाच करावी लागते. माझ्या मते त्याला बांधून ठेवते ती ही विवंचना.

बंद तुरुंगात नेमकी हीच विवंचना काढून घेतली जाते. संचित रजेवरून परतलेल्या कैद्यांची तोंडे मी पुष्कळ पाहिली आहेत. भावाने वाट्याची जमीन आपल्या नावे करून घेतलेली असते, मुलीचे लग्न न विचारता ठरलेले असते, आणि गावात कुणाची शेळी हरवली तरी पोलीस पाटील आधी याच्याच दारात उभा राहतो. सुटकेच्या दिवशी आपण त्याला साठलेली मजुरी, जुने कपडे आणि गाडीभाडे देतो. पण भावकीत त्याची जागा शाबूत राहावी याची तजवीज त्या रकमेतून होत नाही. ती आधीच, शिक्षेच्या मुदतीतच, व्हावयास हवी.

आणि हे सारे झाले शिक्षाधीन बंद्यांचे. देशातील तुरुंगांत आज सुमारे तीन-चतुर्थांश माणसे न्यायाधीन आहेत. त्यांचा गुन्हा शाबीत नाही, म्हणून त्यांना सक्तीचे काम नाही, आणि सुधारणेच्या योजना त्यांच्यासाठी आखलेल्याच नाहीत. खुल्या वसाहतीचा तर प्रश्नच येत नाही. तारखेच्या दिवशी पोलीस पार्टी आली नाही की ते पुढली तारीख घेतात, आणि १८६४ साली ज्या संगतीची धास्ती घेऊन वेत परत आणला, त्याच संगतीत पुन्हा जाऊन बसतात.