रुळांखालची फळी

चाळीसगावला मुख्य मार्गाची गाडी सोडून धुळ्याच्या गाडीत बसले की प्रवासाचा सूरच बदलतो. हा फाटा १९०० साली सुरू झाला. लांबी जेमतेम ५६ किलोमीटर. पूर्वी वाफेचे इंजिन धापा टाकीत जाई, आता विजेवरची मेमू जाते. खिडकीबाहेर मात्र तीच काळीभोर जमीन, तोच कापूस, आणि जामदा-शिरूडसारखी मधली स्टेशने.

ही जमीन दिसते देखणी, पण रुळांच्या दृष्टीने मोठी लहरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, वैशाखात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर रूळ नुसते अंथरून चालत नाहीत. आधी भराव, त्यावर काळ्या पाषाणाची खडी, खडीवर स्लीपर, आणि मग रूळ. खडी गाडीचा भार पसरवते आणि पावसाचे पाणी निथळू देते. प्रवाशाचे तिकडे कधी लक्ष जात नाही. माझे गेले, कारण मी धुळ्याला एका खेळातल्या रेल्वेची जमीन शोधायला चाललो होतो.

त्याचे असे झाले. माझ्या बहिणीचे सासर जळगावचे. तिच्या सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात, वय ८४. लहानपणी ते शेंदुर्णीहून पाचोऱ्याला शाळेत जात ते पी. जे. ने. पी. जे. म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तो मार्ग मोठ्या रुळांचा करायचा आहे. दादांच्या डोळ्यांपुढून ती गाडी काही हलत नाही. म्हणून माझ्या भाच्याने ती घरात धावती करायचे मनावर घेतले. सत्याऐंशी पटींनी लहान केले की अडीच फुटांचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरांवर येतात आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. युरोपातल्या छोट्या गाड्यांवर थोडा साज चढवला की झाली पी. जे.! अंतराचे मात्र विचारू नका. जामनेरपर्यंतचे ५६ किलोमीटर त्याच मापाने मांडायचे तर ६४४ मीटर लांबीची फळी लागेल. दादांच्या बैठकीत जागा आठ फुटांची.

“मामा, राजवाडे मंडळात तुमचे काम आहेच, तर तिथल्या सुताराला विचारून या,” असे भाच्याने फर्मावले. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच १९२६ साली गेले. त्यांच्या नावाच्या संस्थेत सकाळ जुन्या कागदांत घालवायची आणि दुपारी वखारीत लाकडे ठोकून पाहायची, असा तो दौरा झाला.

दिवाळीत आपली मुले किल्ला करतात तेव्हा पायाची चिंता कोणी करीत नाही. दगड, विटा, गोणपाट, वर माती, आणि भाऊबीज झाली की शिवाजी महाराज पेटीत. रेल्वेला तसे चालत नाही. फळी केसभर वाकली तरी दोन रुळांच्या सांध्यात पायरी पडते आणि तिथे गाडी घसरते. त्यात जळगावचा उन्हाळा! पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि चार महिन्यांनी भिंतींना ओल येते.

माझा ओढा अखंड फळीकडे होता. सातपुड्याच्या पायथ्याशी राहायचे आणि साग सोडायचा? सुताराने एक रुंद आंब्याची फळी उचलून डोळ्यासमोर धरली. तिला किंचित पीळ होता. “भाऊ, हाई लाकूड आजून जित्तं शे,” तो म्हणाला. लाकूड लांबीत फारसे हलत नाही. रुंदीत फुगते आणि आक्रसते. मुरलेला सागसुद्धा दोन फूट रुंद असला तर थोडा हलणारच. प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एकाने फुगायचे म्हटले तरी शेजारचा त्याला धरून ठेवतो. भावकीत हे क्वचितच दिसते.

एम. डी. एफ. गुळगुळीत खरा, पण जड, आणि कडेने पाणी लागले की फुगतो. सॉफ्टबोर्डात टाचण्या छान बसतात, पण खाली आधार नसेल तर तो पोटात झोळ धरतो. थर्माकोल हलका, डोंगराला ठीक, पायाला नाही. आमची अडचण वजनाची होती. दादांना जिना चढवत नाही, तेव्हा रेल्वे बैठकीतच हवी. पाहुणे आले की दोघांनी उचलून आत ठेवता यावी. शेवटी बारा मिलिमीटरांचे प्लायवुड ठरले. तेही ‘एम. आर.’ नव्हे, कारण ते दमटपणा सोसते, पाणी नाही. त्याच्या वरचे ‘बी. डब्ल्यू. आर.’. खाली मुरलेल्या सागाच्या पट्ट्यांची चौकट, दर सव्वा फुटाला आडवी पट्टी, खिळ्यांऐवजी स्क्रू. रंग दोन्ही अंगांना, नाहीतर एका बाजूने ओल पिऊन फळी वाकते. वर बुचाचा पातळ थर, म्हणजे गाडी ढोलासारखी वाजत नाही.

जळगावला परतल्यावर भाच्याने विचारले, “मामा, भादली घ्यायची का? तुमच्या बालकवींची?” भादली जळगावजवळच, भुसावळच्या वाटेवर. तिथेच ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. दरवर्षी वर्गात त्यांची कविता शिकवताना मला ते रूळ आठवतात. मी नको म्हणालो. भादली मोठ्या लाइनवर आहे, हे कारण त्याला पुरले.

दादांनी कोऱ्या फळीवरून हात फिरवला आणि एकच मागणी केली. शेंदुर्णी त्यांच्या खुर्चीसमोर यावी. शेंदुर्णी नेमकी मध्यावर येत होती, आणि दोन फळ्यांचा जोडही तिथेच. जोडावर स्टेशन आणि सांधा घेणे धोक्याचे. तेव्हा जोड अर्धा फूट पाचोऱ्याकडे सरकवला. आता पाचोऱ्याची फळी साडेतीन फुटांची आहे, आणि शेंदुर्णी-जामनेरची साडेचार.