आधी मुहूर्त, मग लेन्स

"दादा, पहिली लेन्स कोणती घेऊ?" वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर भागातली नवी पोरं विचारतात. मी उलट विचारतो, "लग्नं कुठल्या मुहूर्ताची मिळतायत?"

दुपारच्या लग्नात बॉडीबरोबर आलेली १८-५५ निभावून नेते. गोरज मुहूर्ताला ती उघडी पडते. मांडवात रंगीत एलईडी, अंतरपाट धरलेला, आणि चेहऱ्यासाठी ५५ वर झूम केलं की अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढे उघडत नाही. तिथे ५० एमएम १.८ जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणून जो तो "पन्नास घे" म्हणतो, आणि नव्या लेन्समध्ये इतक्या कमी पैशांत इतका उजेड क्वचितच मिळतो.

तरी मी तिला दुसरा नंबर देतो. क्रॉप बॉडीवर ती ७५-८० एमएमसारखी वागते. हळद घराच्या पडवीत. करवल्या, आत्या, मावश्या नवरीला वेढून बसलेल्या. मागे सरकावं तर पाठीला भिंत लागते. अक्षता पडताना गर्दीच आपल्याला पुढे रेटते. शिवाय १.८ वर दोन मीटरवरून फोकसची खोली जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर. नवरी स्पष्ट आणि अर्धं पाऊल मागचा नवरा धूसर, असा फोटो अल्बमला चालत नाही.

माझा कौल टॅमरॉनच्या जुन्या १७-५० २.८ ला, तीही सेकंडहँड. ५० वरसुद्धा ती २.८ राहते, म्हणजे किटच्या चौपट उजेड. आयएसओ ६४०० लागायचा तिथे १६०० पुरतो. शालूचा रंग टिकतो, काळ्या केसांत दाणे येत नाहीत. मोटर मात्र आवाज करते, व्हिडिओवाल्याच्या माइकपासून लांब राहावं.

घेताना मोबाईलची टॉर्च मागून मारा. काचेत कोळिष्टकासारखी बुरशी दिसली तर किंमत कितीही उतरू दे, सोडा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर माणसाच्या डोळ्यावर फोकस करून बघा, जवळून आणि लांबून. निकॉनवाल्यांनी जास्त जपावं: या लेन्सच्या सुरुवातीच्या निकॉन प्रतींत मोटरच नव्हती, आणि डी ३५०० किंवा डी ५६०० च्या बॉडीतही ती नाही. तिथे फोकस हातानेच करावा लागेल.

उसाचं बिल आलं की पोरं बॉडी बदलायला निघतात. मी अडवतो. बॉडी राहू दे, आता ५० घे. पाठवणीला आईच्या गळ्यात पडलेल्या मुलीच्या तोंडाशी कॅमेरा न्यायचा नसतो. चार पावलं लांब राहून तो फोटो ५० वर मिळतो.