ससा कोणत्या जातीचा?



जानेवारीत आमच्या घरात एक नवा जीव आला. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची बंगळूरला बदली झाली आणि त्यांना चार महिन्यांचा ससा बरोबर नेणं जमत नव्हतं. पिंजऱ्यासकट तो आमच्याकडे आला. नाव आधीच ठेवलेलं होतं, मोती. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "ड्वार्फ जात आहे, एवढाच राहील, लहान पिंजरा पुरे."

तो पिंजरा पाहून सासूबाई गप्प झाल्या. संध्याकाळी सामायिक झाल्यावर म्हणाल्या, "अगं, अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला कोणता? बंध. मुक्या जीवाला कोंडायचं आणि वर दया केली म्हणायचं?"

मी म्हटलं, "आई, बाहेर सोडला तर कुत्री-मांजरं त्याला दिवसभरसुद्धा जगू देणार नाहीत."

"मग त्याला जागा किती लागते, ते तरी नीट बघ."

म्हणून मी मोतीची जात शोधायला बसले.

पहिली गोष्ट कळली ती अशी. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण शेतात उड्या मारत पळणारा ससा आणि घरातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानातल्या सशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली असतात. पाळीव सशांच्या सगळ्या जाती युरोपातल्या एकाच रानटी सशापासून माणसाने तयार केल्या आहेत. त्यामुळे 'रानात सोडून देऊ' हा मार्ग मोतीसाठी नव्हताच. ते रान त्याचं नाही.

मग एकेक खूण पाहिली. कान खाली लोंबत असतील तर तो 'लॉप' प्रकारातला. अंगावर लांब लोकर असेल तर अंगोरा. मोतीचे कान ताठ, केस आखूड. अंग पांढरं, डोळे गुलाबी-लाल, आणि नाक, कान, पंजे, शेपटी काळी. हे रंग प्रामुख्याने दोन जातींत दिसतात, हिमालयन आणि कॅलिफोर्नियन. अशा सशांच्या अंगात काळा रंग तयार करणारं द्रव्य फक्त थंड भागांत काम करतं, म्हणून शरीराची टोकंच तेवढी काळी होतात. उन्हाळ्यात येणारे नवे केस फिकट असू शकतात. एप्रिलमध्ये मोतीचं नाक तपकिरी दिसायला लागलं तेव्हा लेक घाबरली होती, तिला हेच सांगितलं.

दोघांतला फरक वजनात. हिमालयन ससा पूर्ण वाढून साधारण दोन किलोपर्यंत जातो, आणि अंगाने लांबट, सडपातळ असतो. कॅलिफोर्नियन चार किलोच्या आसपास, आडव्या बांध्याचा. ड्वार्फ म्हणतात तो नेदरलँड ड्वार्फ तर जेमतेम एक किलोचा. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा काट्यावर मोती २ किलो ४०० ग्रॅम भरला, तोही अजून वाढीच्या वयात! डॉक्टर म्हणाले, "ताई, कागदपत्रं नाहीत, त्यामुळे शुद्ध जात कोणीच सांगू शकणार नाही. बाजारातले ससे बहुतेक मिश्रच असतात. पण याच्यात कॅलिफोर्नियनचा अंश दिसतोय. चार किलोचा ससा आहे असं धरून सोय करा."

घरी येऊन कॅलिफोर्नियनबद्दल वाचलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, ही जात तयार केली. कशासाठी? मांस आणि कातडीसाठी. जातींच्या तक्त्यात 'उपयोग' असा एक रकाना असतो आणि त्यात हे सरळ लिहिलेलं असतं. लेकीने तो रकाना वाचला आणि विचारलं, "मम्मी, म्हणजे याला त्यासाठीच बनवलंय?" मला पटकन काही बोलता येईना.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी तिला मेघकुमाराची गोष्ट सांगितली. तो मागच्या भवात हत्ती होता. वणवा लागला तेव्हा सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवायला हत्तीने पाय उचलला आणि रिकाम्या झालेल्या जागेत एक ससा येऊन बसला. तो चिरडू नये म्हणून हत्ती अडीच दिवस पाय वर धरून उभा राहिला. शेवटी कोसळला, आणि पुढच्या भवात श्रेणिक राजाचा मुलगा झाला. गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "लोकांनी कशासाठी बनवला ते त्यांचं कर्म. आपल्या घरात त्याला पाय ठेवायला जागा द्यायची, ते आपलं."

आता मोतीची अख्खी गॅलरी आहे. पिंजऱ्याचं दार काढून टाकलंय, आत-बाहेर करणं त्याच्या मर्जीवर. जाळीच्या तळाने पायाला जखमा होतात, म्हणून त्यावर गोणपाट आणि चटई घातली. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांतून सोडतो, त्यामुळे आमच्या नगरच्या मे महिन्यात दुपारी त्याला आत पंख्याखाली घेतो आणि जवळ ओली फरशी ठेवतो. "तुमच्याकडे कंदमूळ येत नाही, मग गाजराशिवाय ससा जगेल?" असं बऱ्याच जणी विचारतात. मजेत जगतो! त्याचं मुख्य अन्न वाळलेलं गवत. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. जोडीला थोडी कोथिंबीर, मेथी. गाजर गोड असतं, ते त्याला रोज घालूच नये.

पाचवा अतिचार आहे अन्नपाननिरोध. एक किलोच्या सशाचं मोजमाप चार किलोच्या सशाला लावलं असतं, तर नकळत तोही घडला असता आणि बंधही. म्हणून सांगते, घरात ससा आला तर त्याची जात जरूर विचारा, पण विकणाऱ्याला नको. वजन करा, कान पाहा, केस पाहा, डॉक्टरांना दाखवा, आणि मगच जागा ठरवा.

जय जिनेंद्र.